हिरामणच्या सहा कुंड्या

हिरामणने तिसऱ्या बाटलीतले पाच घोट मोजून घेतले, तोंड पुसलं आणि उरलेलं पाणी तिसऱ्या कुंडीतल्या भाताला घातलं.

"भागव आता," तो भाताला म्हणाला. भाताने नेहमीप्रमाणे तक्रार केली नाही.

गच्चीच्या तिन्ही बाजूंना गोदामांचे पत्रे तापले होते. त्यांच्याखाली एकेकाळी त्याचीच खाचरं होती. चौथ्या बाजूला जिना होता, आणि जिन्याखाली सून विनिता. किडनीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्याला दिवसाला एक लिटर पाणी ठरवून दिलं होतं. विनिताने त्याच्या प्यायच्या बाटलीवर रेघ मारली, टाकीला कुलूप लावलं आणि शेजारी, चहावाला, गोदामाचा वॉचमन, सगळ्यांना ताकीद दिली.

"चाचा, पानी छोड के कुछ भी माँगो," वॉचमन म्हणायचा. सगळ्या गावात हिरामणला ओळखत नाही असा माणूस नव्हता, हीच अडचण होती.

नात मृणाली कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती. कोणतं भात किती पाण्यावर किती दाणा देतं, हे तिला मोजायचं होतं. सहा कुंड्यांत आजोबांचं पिढीजात बियाणं होतं, सहांत परभणीकडच्या कोरड्या मुलखातलं. सकाळी ती अर्ध्या लिटरच्या बारा बाटल्या भरून ठेवी आणि कॉलेजला जाई. दुपारी त्या ओतायची ड्युटी हिरामणची. म्हाताऱ्याचा वेळ बरा जातो, असं घरात सगळ्यांचं मत होतं.

परभणीच्या बाटल्यांना त्याने कधी तोंड लावलं नाही. पाहुण्याच्या ताटातलं उचलायची घराण्यात रीत नव्हती. घरच्या भाताने मात्र घरच्या माणसाला सांभाळून घ्यायला हरकत नव्हती.

पाय सुजू लागले. डॉक्टरांनी लिटरचं पाऊण लिटर केलं, हिरामणने पाच घोटांचे सात केले. सूज वाढली, डॉक्टर अर्ध्यावर आले. उपचार दोन्हीकडून नेमाने चालू होते.

एप्रिलात मृणालीचे सर गच्चीवर आले. त्यांनी एकेक लोंबी चिमटीत दाबून पाहिली.

"तुमच्या बियाण्याचं काही खरं नाही, आजोबा. परभणीच्या भाताने तेवढ्याच पाण्यात दुप्पट दाणा भरला. कोरड्या हवेतलं झाड पानांची छिद्रं मिटून घेतं, थेंब थेंब राखतं. तुमच्या कोकणातल्याला पावसाची चैन. उधळं असतं."

"मग आता?"

"लोंब्या पोकळ आहेत. कॉलेजच्या बियाणे-संग्रहात हे घेता येणार नाही."

हिरामण पत्र्यांकडे बघत राहिला. हे बी आता दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, आणि त्याच्याकडे पेरायला जमीन नव्हती.

"सायेब, उधळं न्हाय ते."

"मृणालीचं रजिस्टर सांगतं ना. कुंडीला रोज अर्धा लिटर."

"अर्धा लिटर पोचलाच न्हाय त्येला."

"आजोबा, बियाण्यासाठी खोटं नका बोलू," मृणाली हळूच म्हणाली. "रोज संध्याकाळी रिकाम्या बाटल्या मीच मोजते."

"असू दे," सर हसले. "घरच्या वाणावर जीव असतो माणसाचा."

विनिता चहा घेऊन वर आली होती. हिरामणने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग तो कठड्यावर टेकला, लेंगा गुडघ्यापर्यंत ओढला आणि अंगठ्याने नडगी दाबली. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला.

"हे बघा. त्येचं पानी हितं हाय. कुंडीमागं सात घोट."

विनिताने ट्रे जमिनीवर ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "आणि मी सूज उतरत नाही म्हणून डॉक्टरांशी भांडत होते."

सरांनी त्या खळग्याकडे पाहिलं. मग रजिस्टर मांडीवर घेतलं आणि आकड्यांवर रेघ मारली.

"सात घोट म्हणजे साधारण किती?"

"बाटली द्या, पिऊन दावतो."

"काही गरज नाही," विनिता म्हणाली.

"सगळं पुन्हा लावावं लागेल," सर म्हणाले. "बी द्याल?"

"देतो," हिरामणने लेंगा खाली सोडला. "पानी घालाया मातर दुसरा मानूस बघा."