तोंडातल्या टाचण्या

टेलरबाईंनी त्या दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. गिऱ्हाइकांना वाटलं, बाई जेवतायत. बाई कुठल्या जेवतायत! कापायच्या टेबलावर, कात्रीशेजारी, लेकीच्या पुस्तकाची दोनशे बारा पानं पडली होती आणि बाई पेन्सिलीला टोक काढत होत्या.

लेक स्टेजवर उभी राहून लोकांना हसवायची, त्यावरच तिचं पोट. घरातलं नाव टकळी. सकाळी पानं ठेवताना ती म्हणाली होती, "आई, संध्याकाळी छपाईला जाणार हे. तुझ्याबद्दल जे नको वाटेल, त्यावर रेघ मार. मी का म्हणून विचारणार नाही. चारला येते."

बाई काही गाफील नव्हत्या. लेक आठवणी लिहितेय हे कळल्यापासून त्यांनी वाचनालयातून असल्याच विनोदी बायकांच्या आठवणींची तीन पुस्तकं आणून वाचली होती. "एकदम हसायचं मनावर घेतलंत?" तिथल्या बाईंनी विचारलंही. हसायचं कसलं डोंबलाचं! पहिल्या पुस्तकातली आई चिक्कू निघाली. दुसरी लेकीच्या पहिल्याच कार्यक्रमात पुढच्या रांगेत बसून घोरली. तिसरीच्या स्वयंपाकावर तर लेकीने अकरा पानं खर्ची घातली होती. बाई खो खो हसल्या, आणि दर वेळी हसून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं. त्या बिचाऱ्या आया भाजी आणायला बाहेर पडत असतील ना कुठेतरी? तरी घोरणं परवडलं. आपलं काय निघणार, ते बाईंना पक्कं ठाऊक होतं.

फिटिंग करताना बाई ओठांत पाच-सहा टाचण्या धरायच्या. टाचण्या तोंडात असताना आईला बोलतं करायचं नाही आणि हसवायचं तर मुळीच नाही, हा घरचा कायदा. सात वर्षांच्या टकळीने तो मोडला. एक ढेरपोटे वकील आरशासमोर पोट आत ओढून, श्वास कोंडून उभे होते. टकळीने त्यांच्या मागे उभं राहून त्यांची हुबेहूब नक्कल केली. बाईंना हसू आवरलं नाही आणि एक टाचणी गेली पोटात. दवाखाना, पोटाचे फोटो, दोन दिवस सगळे जीव मुठीत धरून. टाचणी सुखरूप बाहेर पडली. घरी आल्यावर बाईंनी कापड मोजायच्या लाकडी पट्टीने पोरीला मारलं. पट्टी तुटेपर्यंत मारलं.

तेव्हापासून दुकानात लाकडी पट्टी नव्हती, नुसती टेप. टकळी जगाच्या नकला करून टाळ्या घ्यायची, पण आईसमोर तिने पुन्हा एकही नक्कल केली नव्हती. त्या माराचं दोघींखेरीज कुणाला माहीत नव्हतं. आता दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक ते वाचणार होतं.

पान एकशे चाळीस. प्रकरणाचं नावच 'टाचणी'. बाईंनी पेन्सिल उचलली.

वकील होते, ढेरी होती. इतकं झकास लिहिलं होतं कार्टीने, की भीतीतही बाईंना हसू फुटलं. मग पान एकशे बेचाळीस आलं. 'आई घरी आली,' टकळीने लिहिलं होतं, 'आणि तिने मला जवळ घेतलं.' तिथे प्रकरण संपलं.

बाईंनी पुढची पानं चाळली, मागची चाळली. पट्टी कुठेच नव्हती. सुटले बाई, असं वाटलं. जेमतेम श्वासभर वाटलं. मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांची टाचणी दोन दिवसांत निघाली होती, पोरीची अजून आतच होती, आणि आईची लाज राखायला ती जन्मभर आतच ठेवायची म्हणत होती.

चारला शटर खडखडलं. बाईंनी घाईने पुतळ्यावरच्या कोटाला हात घातला आणि तोंडात टाचण्या धरल्या. म्हणजे बोलायला नको.

टकळीने पान एकशे बेचाळीस पाहिलं. 'जवळ घेतलं' वर जाड रेघ होती. बाजूला आईचं अक्षर: 'मारलं. पट्टी तुटेपर्यंत.'

कितीतरी वेळ ती वाचतच राहिली. तीन शब्दांना एवढा वेळ लागतो का?

"आई, विनोदी पुस्तक आहे हे."

बाईंनी एकेक टाचणी काढून मनगटावरच्या गादीत खोचली. "माहितीय. मी तीन वाचलीत. पण खोटं लिहू नकोस. माझं चुकलं होतं, टकळे. तेव्हाच सांगायला हवं होतं मी."

"लोक वाचतील."

"वाचू देत. कपडे शिवायला येतातच ना माझ्याकडे? येतील."

टकळीने पानं सारखी केली. मग तिने ती टेबलावर ठेवली, डोळे पुसले आणि आरशासमोर गेली. तिने पोट आत ओढलं, श्वास कोंडला, हनुवटी वर केली. वकीलसाहेब उभे होते, जसेच्या तसे.

बाईंचा हात सवयीने ओठांकडे गेला. टाचण्या नव्हत्या. मग त्या हसल्या.