डावीकडं ओढणारी गाडी

कृपादानच्या गाडीनं आमचा बांध हातभर खाल्ला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच आमचे मामंजी, आप्पासाहेब, कुऱ्हाड घेऊन बांधावर जाऊन बसले. गाडी पुन्हा बांधाला लागली तर पट्टाच तोडतो, असं घरात सांगून गेले होते.

कोपरगावच्या अलीकडची आमची गोदाकाठची काळी जमीन. बहात्तरच्या दुष्काळाआधीचं साल. दिवाळीच्या सुमाराला पाऊस झाला की उसाची बैलगाडी आसापर्यंत रुतायची. म्हणून शेजारच्या कृपादाननं दोन वर्षं खपून ही गाडी जुळवली होती. विहिरीवरचं जुनं इंजिन, भंगारातल्या जीपचा आस, चाकांवरून रबरी पट्टे आणि पट्ट्यांवर बाभळीच्या फळ्या. वळवायला चाक नव्हतंच, दोन दांडे होते. डावा ओढला की डावा पट्टा ब्रेक लागून थांबायचा, उजवा चालत राहायचा आणि गाडी डावीकडं वळायची.

गाडी त्याच्या रानातून उगवतीला निघाली की आमचा बांध डाव्या हाताला यायचा, आणि ती नेमकी तिकडंच कलायची. मामंजींचं म्हणणं, गाडीचं नुसतं निमित्त, डोळा आमच्या बांधावर. गावालाही ते पटलं होतं. कृपादान देवळात येऊन शपथ घ्यायला तयार झाला, तर मामंजी म्हणाले, शपथेनं बांध भरून येत न्हाई.

मी भाकरी घेऊन गेले, तर इंजिन धडधडत होतं आणि कृपादानची बायको हन्ना, जाऊ नका म्हणत गाडीपुढं आडवी उभी होती. मी माहेरी बैल हाकलेले. आमचा डावा बैल अंगचोर होता, तो मागं राहायचा आणि जोडी सदा डावीकडं ओढायची. मला तो आठवला.

"मामा, गाडी मावळतीकडं हाणायला सांगा."

"कशापायी?"

"बांध उजवीकडं यील. डोळा बांधावर असंल तर गाडी उजवीकडं कलंल."

मामंजींनी कुऱ्हाड मांडीवर घेतली. "हाण रं."

कृपादाननं तिकडच्या टोकावरून गाडी फिरवून आणली. ती डावीकडंच ओढत चालली आणि सरळ हन्नाच्या कांद्याच्या रोपात शिरली. दांडे सोडून कृपादान बैलांना म्हणावं तसं "हो, हो" करत होता. इंजिन बंद होईस्तोवर निम्मा वाफा चिखलात गेला. हन्नानं तोंडाला पदर लावला.

मी जवळ जाऊन डाव्या चाकाला हात लावला. चटका बसला. उजवं गार होतं.

"कृपादानभाऊ, दांडा सोडला तरी डावा ब्रेक सुटत न्हाई."

त्यानं पाना आणून बोल्ट सैल केला. गाडी सुतासारखी सरळ गेली.

मामंजी घराकडं वळले ते पुटपुटतच. "लई पोचलेला गडी. आपल्याला फसवाया सोताचं रोप तुडवलं."

त्या साली आमचाही ऊस त्याच गाडीनं बाहेर निघाला. प्रत्येक खेपेला मामंजी डाव्या पट्ट्यावर नजर ठेवून बांधावरून बरोबर चालत. कुऱ्हाड खांद्यावर असायचीच.