पेरूची काठी

“ओल्या लाकडाची घाई बरी नव्हे. वर्षभर सावलीत पडू दे,” सासूबाई म्हणाल्या होत्या.

“आई, काठीच तर करायचीय. कपाट थोडंच आहे?” सुनेनं हसण्यावारी नेलं.

घाईला कारण होतं. मागच्या अंगणातला पेरू तिनंच तोडायला लावला होता. झाड शेजारच्या घड्याळवाल्या आजोबांनी लावलेलं, फळं दोन्ही घरांची. पण वटवाघळांनी कुरतडलेला पेरू एकदा रांगत्या लेकीच्या तोंडात सापडला आणि तिच्या काळजाचं पाणी झालं. त्यानंतर तिला झाड बघवेना. आजोबा मुलीकडे गेलेत असं पाहून तिनं माणसं बोलावली. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले नसते, हेच तिला मागाहून जास्त लागलं.

परतल्यावर आजोबांनी उरलेल्या बुंध्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, “बरं केलंस, पोरी. सारखा पाचोळा काढून कंबर मोडत होती.” दोन शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं, असं तिला झालं.

म्हणून काठी. आजोबांचा गुडघा कुरकुरायचा. सरळशी फांदी निवडून तिनं सुताराकडून तासून घेतली, वर मूठ बसवून घेतली, चांगलं पॉलिश चढवलं. आजोबांनी जुनी लोखंडी काठी कोपऱ्यात टाकली. “पूर्वी मी या झाडाखाली बसायचो,” भेटेल त्याला ते सांगत, “आता ते माझ्या हाताखाली आलंय!”

सकाळी अंगणातल्या फरशीवर टकटक ऐकू आली की तिला हायसं वाटे.

पॉलिशच्या आत मात्र लाकूड वाळत होतं, आकसत होतं. ऊन तापलं तशी मूठ ढिली झाली. टकटकीमागे बारीक खुळखुळ ऐकू येऊ लागली. तिनं ती ऐकली. उद्या सांगू म्हणाली, तर लेकीला ताप भरला आणि उद्या पुढेच सरकत गेला. आजोबांना काय कळत नव्हतं? जन्म गेला होता त्यांचा भिंगातून स्क्रू बघण्यात. पण पोरीला वाईट वाटेल म्हणून त्यांनी मुठीखाली गुपचूप दोरा गुंडाळला आणि तसेच पायरी उतरायला गेले. मूठ हातात राहिली, काठी निसटली. मांडीचं हाड मोडलं.

आता ते खाटेवर असतात. मुलगी येऊन-जाऊन असते. सून रोज डबा घेऊन जाते.

“दुखतंय का, आजोबा?”

“छे गं!”

“कालचं जेवलात?”

“भरपेट!” कालचा डबा तसाच जड असतो.

“तुला नाही ते खरं सांगायचे,” सासूबाई परवा म्हणाल्या. “तू गेलीस की दुखणं बाजूला ठेवून तुझीच समजूत काढत बसतात.”

हे तिला नेमकं बोचलं. तेव्हापासून ती भेटेल त्याला एकच गोष्ट सांगते, तुम्हालाही सांगतेय: “त्या बाजूला गेलात तर आजोबांकडे डोकावाल का? दार नुसतं लोटलेलं असतं. काठीचा विषय काढू नका, मी पाठवलंय म्हणू नका. जरा वेळ बसा आणि विचारा, दुखतंय का. तुम्हाला सांगतील ते.”