कोऱ्या पाण्याची रेषा

टिकलीएवढ्या सोन्याच्या इलेक्ट्रोडवर कार्बनच्या नळ्यांचा थर द्यायचा, केसाहून हजारो पटींनी बारीक अशा नळ्यांचा, आणि त्याने पाण्यातलं शिसं ओळखायचं. हे माझं पुण्यातलं संशोधन, २००५ सालचं. शिसं असलं की यंत्र कागदावर काढतं त्या रेषेला ठरलेल्या जागी उंचवटा येतो. शुद्ध पाण्याची रेषा सपाट हवी. माझी कधीच आली नाही.

प्रयोगशाळेतलं शुद्ध पाण्याचं यंत्र बिघडलं होतं. अब्बांचं कापूरहोळला बॅटरी दुरुस्तीचं दुकान. बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचा कॅन ते भोरच्या एसटीने पाठवू लागले. दर सोमवारी स्वारगेटला कंडक्टर म्हणायचा, "घ्या मॅडम, दिलावरचाचांचं गंगाजल."

उंचवट्याचं कारण मीच शोधलं: नळ्या आधीच्या प्रयोगातलं शिसं धरून ठेवतात. माझ्या मार्गदर्शक सरांना पटलं. चार महिने मी इलेक्ट्रोड घासत राहिले.

तेव्हा अब्बांचं पोट दुखायचं. डॉक्टर पित्त म्हणाले. दिवसभर ते जुन्या बॅटऱ्यांच्या प्लेटा खरवडत आणि संध्याकाळी त्याच हाताने गुळाचा खडा तोंडात टाकत. गुळाने पोटातली धूळ धुऊन जाते, असं नाक्यावरचे सगळेच म्हणत.

"अब्बा, आधी हात तरी धुवा."

"मग गूळ कशापायी खातोय मी?"

पुढे त्यांचं उजवं मनगट लोंबायला लागलं. चमचा उचलेना. पुण्याच्या दवाखान्यात एका डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच त्यांना धंदा विचारला. रक्तात शिसं निघालं, बॅटऱ्यांच्या प्लेटांचं. मूत्रपिंडं तोवर गेली होती.

त्या दुपारी मी प्रयोगशाळेत नवा इलेक्ट्रोड घेतला. त्यावरच्या नळ्या अजून कशातच बुडाल्या नव्हत्या. शेजारच्या विभागातून मागून आणलेल्या पाण्यात रेषा सपाट आली. अब्बांच्या पाण्यात उंचवटा. कॅन ते स्वतः, आतून हात फिरवून विसळत. त्यांच्या हातांचं शिसं चार महिने माझ्या कागदावर येत होतं आणि मी ते चूक म्हणून काढून टाकत होते.

संध्याकाळी दवाखान्यात अम्मी त्यांना पेज भरवत होती.

"माजं पानी चालतंय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"चालतंय, अब्बा."

"हितनं सुटलो की पयला कॅन तुजा."

"पाठवा," मी म्हणाले.

ते गुरुवारी गेले. शेवटचा कॅन अजून अर्धा आहे. ते पाणी मला कुठेच ओतता येत नाही.