जाड तवा

"आई, हा तवा गॅसवर कोणी ठेवला?"

विनोदिनीच्या कमरेवरचा हंडा तसाच राहिला. सासूनं, कांताबाईंनी, फडक्यानं पोळी दाबली, ती टम्म फुगली. ताटली घेऊन बसलेल्या पिंकीनं टाळ्या पिटल्या.

"मीच ठेवला. तुह्या त्या पातळ तव्यावर पोळी वातड होते. पोट्टी तोंड फिरवते."

"अहो, हा कामाचा तवा आहे!"

"चिंच-राख लावून घासते न मी. रोजच घासते."

रोज. विनोदिनीनं पिंकीच्या हातातला घास काढून घेतला. पोरीनं भोकाड पसरलं.

सरकारी कचेऱ्या नव्या रायपुरात गेल्या, तेव्हा जुने कॉम्प्युटर पोत्यांनी इकडे बीरगावात आले. तिच्या नवऱ्याचा, गौतमचा, कॉम्प्युटर क्लास बंद पडला होता. त्यानं परसात विटांची चूल मांडली. तापल्या तव्यावर कॉम्प्युटरातला बोर्ड ठेवायचा, पुर्जे चिकटवणारं खालचं डाख वितळलं की चिमट्यानं उचलून आपटायचा. चिप्स, कपॅसिटर टपटप गळतात. चांगले बुढापाऱ्यातल्या दुरुस्तीवाल्यांना, उरलेला कचरा भनपुरीच्या भंगारवाल्यांना. तवा जाड हवा, आच सारखी लागते. माहेरून लग्नात मिळालेला लोखंडी तवा विनोदिनीनंच काढून दिला होता.

डाखात शिसं असतं, हे बी.एस्सी. झालेल्या विनोदिनीला सांगायला नको होतं. परसदाराला कडी, कामाची साडी वेगळी, अंघोळ केल्याशिवाय लेकीला हात नाही. तरी पोरीचं पोट दुखायचं. नळाचं पाणी खराब म्हणून ती पाणी उकळायची. सगळीकडे डोळ्यांत तेल घालून पाहिलं. तवा तेवढा खिळ्यावर टांगलेला, म्हणून निर्धास्त. आणि ती नळावर गेली की सासू तो उतरवायची.

गौतम खांद्यावर पोतं घेऊन आला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पाहिलं होतं एकदा. घासला म्हणजे झालं, असं वाटलं मले."

"घासून शिसं जातं?"

"आता मले काहून बोलून राहिली? उद्या दाखवू न डॉक्टरले. पण हे पोतं आज झालं पाहिजे. दुकानवाला भैया थांबला आहे."

"मी काय जहर चारलं का माह्या नातीले?" कांताबाई पदरात तोंड खुपसून रडू लागल्या.

हो म्हणावंसं विनोदिनीला वाटलं. पण त्या घरात पोरीचे सगळ्यांत जास्त लाड त्या बाईनंच केले होते.

तिनं कामाची साडी नेसली. दाराला आतून कडी घालायला सासूला सांगितलं, तवा चुलीवर चढवला, पहिला बोर्ड ठेवला. लक्ष नव्हतं, आच जास्त झाली. हिरव्या बोर्डाचा पापुद्रा हळूहळू वर आला, गोल, टम्म.

दाराच्या फटीतून पिंकीचा रडून बसलेला आवाज आला, "मम्मी, फुगली! मले दे न."