शर्मिष्ठेतली जोडी

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माझं अंग विहिरीवरच्या पाइपाचं आहे म्हणून हसू नका. पोटातला आरसा अस्सल आहे. पिंपळवंडीच्या सोपानभाऊंनी मोटारी दुरुस्त करता करता, काचेवर काच घासून तो स्वतः घडवला. तेव्हा गावानं त्यांना वेड्यात काढलं आणि पुढं त्याच गावानं माझ्यापुढं रांग लावली.

भाऊ सांगायचे, आपली आकाशगंगा भाकरीसारखी चपटी आहे आणि आपला सूर्य तिच्यात मध्यापासून बराच लांब आहे. आपण भाकरीच्या आत बसून आडवं बघतो, म्हणून ती आभाळात पट्ट्यासारखी दिसते. मग ते मला शर्मिष्ठा या तारकासमूहाकडं वळवायचे. नुसत्या डोळ्यांना एकच वाटणारी एक चांदणी माझ्यात दोन व्हायची, एक पिवळी आणि एक तांबूस. दोघी एकमेकींभोवती फिरतात आणि एका फेरीला शेकडो वर्षं घेतात. लोक बघून पुन्हा रांगेत लागायचे आणि खोटं कशाला सांगू, मला गर्व चढायचा.

एका दसऱ्याला घरातल्या पान्या-पकडींची पूजा झाली. भाऊंच्या कारभारणीनं, पुष्पाबाईंनी, मलाही मान दिला. खरं काम आरसा करतो, मग पाइपाला काय पुजायचं, असा त्यांचा भाबडा हिशोब. त्यांनी आरसा बाहेर काढून ओलं कुंकू थेट त्याच्यावर टेकवलं आणि चूक उमगल्यावर पदरानं खसाखसा पुसलं. आरशावरचा चंदेरी लेप तिथं निघाला. भाऊ एक शब्द बोलले नाहीत आणि तेच बाईंच्या जिव्हारी लागलं. त्यांनी मला गोधडीत गुंडाळून कांदे साठवायच्या चाळीत ठेवलं आणि लेप नेमका किती गेला ते कुणी पाहिलंच नाही.

पुढं उसात बिबटे वाढले. वस्तीवस्तीवर हॅलोजन लागले, अंधार सगळ्यांनाच नकोसा झाला आणि मला सगळे विसरले. त्यातच साखरेच्या आजारानं भाऊंची नजर गेली.

गेल्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी त्यांनी मला अंगणात आणायला लावलं. आरसा खरंच वाया गेला का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. शेजारच्या गोरक्षनं मेंढरांच्या वाड्यावरचा दिवा थोडा वेळ मालवला आणि बिबट्या फिरकू नये म्हणून मोबाइलवर गाणी लावून काठी घेऊन उभा राहिला. पुष्पाबाई मात्र मागं सरल्या.

"माझ्याच हातानं गेलाय त्यो. मी कशी बघू?"

"पुष्पे, मला आता कोण सांगणार? तूच बघ."

भाऊ दिशा सांगत गेले: ईशान्येला पाच चांदण्यांची वाकडी ओळ, तिच्यातल्या ठळक चांदणीजवळची बारकी. बाईंनी मला फिरवलं आणि डोळा लावला. मलाही धाकधूक होती.

"दोन हायती," त्या म्हणाल्या. "एक पिवळी, एक तांबूस. लई जवळ."

भाऊंनी सुटकेचा निःश्वास सोडला. लेप गेला होता तो चिमूटभर. उरलेल्या आरशाला जोडी दाखवायला अडचण नव्हती. मग बाई तशाच डोळा लावून हळूच म्हणाल्या, "सगळ्या गावाला दावली तुमी. मी आत चहा करत व्हते. मला कधी हाक मारली न्हाई."

भाऊ चाचपडत पुढं आले, बाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चुकलंच माझं. बघ आता, पोटभर बघ."

मित्रांनो, तेव्हा माझा गर्व उतरला. इतके डोळे मला लागले होते, त्यात या घरातला हा एक कधीच नव्हता आणि मला ते कळलंही नव्हतं. तुमच्याकडं माझ्यासारखं काही असेल तर त्याला कुंकू लावू नका, गोधडीतही ठेवू नका. ते वापरा. आणि अंगणात रांग लावण्याआधी आत जाऊन हाक मारा.