तोपशूरच्या पोटातल्या टापा

मी एक जुना तोपशूर आहे, मित्रांनो. दोन तारांचे, लांब मानेचे वाद्य. संग्रहालयातल्या काचेमागे मी टांगलेला आहे आणि खाली चिठ्ठी लावली आहे: 'देवदार, करडाचे कातडे, घोड्याचे केस.' चिठ्ठी लिहिणाऱ्याने मला बाहेरून पाहिले. पोटात काय आहे ते विचारले नाही. संध्याकाळी हॉल रिकामा झाला की आतून टकटक येते. रखवालदार म्हणतो, लाकडाला भुंगा लागलाय. भुंग्याला खूर असतात का, ते त्यालाच विचारा.

मला घडवले तोलोयच्या बापाने, अल्ताईच्या डोंगरातल्या एका लहानशा वस्तीत. कातडे ताणण्याआधी त्याने माझ्या पोकळ पोटात फुंकर घातली आणि झटकन कातडे चढवून पोटाचे तोंड बंद केले. "आता हा रिकामा नाही," तो तोलोयला म्हणाला. "कथा अर्धी टाकून ह्याला कधी खाली ठेवू नकोस." मला वाटले, म्हातारी माणसे बोलतच असतात.

पुढे तोलोय माझ्या साथीने कथा सांगू लागला. त्याचा आवाज घशाच्या पार तळातून यायचा. शेजारच्या कढईचे झाकण थरथरायचे. शिकारीला निघालेले लोक आम्हाला मुद्दाम बरोबर नेत. रानाचा धनी कथेचा भुकेला असतो, पोटभर कथा मिळाली तर हात सैल सोडतो, असे ते मानत. शिकार चांगली झाली की मारणाऱ्याआधी माझे कौतुक व्हायचे. मीही तेव्हा फुगून बसायचो, खोटे कशाला बोलू!

आमच्या कथा लांब. एका बैठकीत संपत नसत. थकला म्हणजे तोलोय कथेतल्या वीराला म्हणायचा, "बस बाबा इथे. शेकोटी पेटव. घोड्याला गवत टाक. उद्या येतो मी." मगच तो मला खुंटीला लावायचा. वीर मात्र जमिनीखालच्या काळ्या मुलखात असला, तर तोलोय कधीच थांबायचा नाही. तिथे ना सरपण, ना गवत. तिथे माणसाला बसवायचे तरी कुठे?

मग एका शरदात तोलोयची भाची एर्केलेय आली. लेनिनग्राडला शिकलेली, मोठ्या पेटीएवढा टेपरेकॉर्डर घेऊन. कथा कशा बांधलेल्या असतात, याचा ती अभ्यास करायची.

"मामा, तुझ्या ह्या सगळ्या वेगळ्या कथा नाहीतच," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "एकच आहे. घरात काहीतरी उणं पडतं. एक जण बाहेर पडतो. नको म्हटलेलं करतो. भिडतो. परत येतो."

"म्हणजे मेंढी कापल्यावर तू हाडं मोजत बसणार," तोलोय म्हणाला. "आणि रस्सा?"

"रस्सा सगळ्यांनाच आवडतो रे. पण मेंढी उभी राहते ती हाडांवरच ना?"

तोलोय मनापासून हसला. बायकोला, सुर्कुराला, म्हणाला, "पोरगी शिकून वाया गेली असंही म्हणता येत नाही. पंचाईतच आहे!"

रोज दुपारी ती रीळ फिरवायची आणि तो सांगायचा. शेवटची कथा होती बापाचा चोरलेला प्राण परत आणायला जमिनीखाली उतरणाऱ्या वीराची. लोखंडी झाडांचे रान मागे पडले. काळे तळे मागे पडले. पुढे केसाएवढा अरुंद पूल होता. तोलोय घोड्याचे वर्णन गाऊ लागला. एर्केलेयने टेप बंद केला. रिळे संपत आली होती आणि असले पाल्हाळ तिने प्रत्येक कथेत ऐकले होते. तिला न्यायला आलेल्या ट्रकचा ड्रायव्हर बोलावतोय म्हणून ती बाहेर गेली. तोलोय डोळे मिटून गातच होता: पुलावरून घोडा जाणार नव्हता, मग त्याला कुठे बांधले, कशाला बांधले, कोणती गाठ मारली. ती गेल्याचे त्याला कळले नाही. मला कळले.

ती परत आली तेव्हा वीर पुलापलीकडे पोचला होता, चोरट्यासमोर उभा. आणि ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"मामा, थांब. बर्फ सुरू झालाय, खिंड बंद होईल."

"अगं, तो खाली आहे! निदान वर तरी आणू दे."

"पुढचं ठाऊक आहे मला. येणारच तो वर. सगळेच येतात."

"ठाऊक असणं वेगळं, आणणं वेगळं. ज्याच्यासाठी कथा निघाली, त्याच्याच कानात ती परत यावी लागते. नाही आली, तर सांगणाराही त्याच वाटेनं खाली जातो."

"मामा, घाबरवू नकोस. खिंड उघडली की पहिल्या गाडीनं येते." तिने त्याच्या कपाळाचा वास घेतला, आमच्याकडे मुलांचा घेतात तसा, आणि ती गेली.

तोलोयने मला खुंटीला लावले. आयुष्यात पहिल्यांदाच काही न बोलता लावले.

तो हिवाळा मी विसरू शकत नाही. कुत्रे उंबऱ्याच्या आत यायचे बंद झाले. चूल धडधडून पेटायची, पण तोलोयचे पाय तापेनात. एका सकाळी सुर्कुराने दाराशी त्याचे बूट पाहिले. ओले होते. तळांना काळी, मऊ माती होती. बाहेर नजर जाईल तिथवर बर्फ, जमीन दगडासारखी गोठलेली, आणि तोलोय कित्येक दिवसांत अंथरुणातून उठलेला नव्हता. तिने बूट पुसले. दुसऱ्या सकाळी पुन्हा माती.

गारठा पायांतून गुडघ्यांत चढला, गुडघ्यांतून कमरेत. मग त्याचा आवाज गेला. सुर्कुराने टपालवाल्याबरोबर निरोप धाडला: तुझा मामा खाली उतरतोय. ये.

एर्केलेय खिंड उघडण्याची वाट न पाहता टपालाच्या घसरगाडीतून आली. मामाचे पाय हातात घेतले आणि ती रडलीच. "मामी, मला वाटलं नुसती म्हण आहे ती."

"रडून तो वर येणार आहे का?" सुर्कुरा म्हणाली. "ठाऊक आहे म्हणालीस ना? मग सांग."

तोलोयला उशांना टेकवून बसवले. मला त्याच्या मांडीवर ठेवले. बोटे तेवढी अजून त्याची होती. एर्केलेयने सुरुवात केली, "वीर जिंकला आणि परत आला." माझी तार वाजलीच नाही. ओल्या दोरीसारखी नुसती हलली.

ती विचारात पडली. तिचे शिक्षण फुकट गेले असे कुणी म्हणू नये, कारण तेच तेव्हा कामाला आले. "उतरताना जे लागलं ते चढताना उलटं लागणार," ती हळूच म्हणाली. "प्रत्येक कथेत लागतं." आणि तिने वीराला पावलापावलाने आणायला घेतले. कमरेच्या पिशवीत बापाचा प्राण, समोर केसाएवढा पूल. तो पूल ओलांडला तशी तोलोयची कंबर सैल झाली. काळे तळे मागे पडले, गुडघे हलले. मी जिवाच्या आकांताने झणझणत होतो. तिला वाटले, मी साथ देतोय. मित्रांनो, मी ओरडत होतो. पुलाशी बांधलेल्या घोड्याला तिने सोडलेच नव्हते! तो तिथे बांधलेला आहे हेच तिला माहीत नव्हते.

लोखंडी झाडांचे रान संपले. वीर पायी चालत घरी आला. तोलोयच्या पायांना ऊब आली, सुर्कुराने ओठ घट्ट मिटून डोळे पुसले आणि खारट चहाचा वाडगा त्याच्या तोंडाला लावला. तो दोन घोट प्यायला. मग कितीतरी दिवसांनी त्याच्या घशातून शब्द फुटला, अगदी कुजबुजल्यासारखा.

"आणि घोडा?"

एर्केलेय पांढरीफटक पडली. "घोड्याचं काय झालं, मामा?"

त्याने माझ्या तारांवरची बोटे काढून घेतली. बाहेर गोठ्यात त्याचा स्वतःचा करडा घोडा असायचा. सकाळी दावे जागच्या जागी होते, गाठ तशीच मारलेली, फास मिटलेला. घोडा नव्हता. बर्फावर त्याच्या टापांचा एकही ठसा नव्हता.

तोलोय त्यानंतर बरीच वर्षे जगला, पण कुजबुजण्यापलीकडे त्याचा आवाज कधी गेला नाही. कुठलाच घोडा त्याला पाठीवर घेईना. आमच्या डोंगरात तो एकटाच पायी चालायचा. एर्केलेयने पुष्कळदा विचारले, घोडा कुठे बांधला होतास? तो म्हणायचा, "गायल्याशिवाय मला तरी कुठं आठवतंय, पोरी?" ते ठिकाण फक्त गाण्यात होते, आणि गाणे फक्त माझ्या तारांतून गेले होते.

तो गेल्यावर तिने मला इथे आणले. ती आता म्हातारी झाली आहे. शिष्यांना अजून कथेची हाडे शिकवते, पण कुणी "पुढचं माहीत आहे, बाई" म्हटले की वर्गाबाहेर काढते. दर गुरुवारी रखवालदार तिला काच उघडून देतो. ती मला मांडीवर घेते आणि कथा पहिल्यापासून सांगते, एक शब्द न गाळता. पुलाशी आली की थांबते. बोटाने तार छेडते आणि माझ्यावर वाकून वाट पाहते.

आणि मी सांगतो, मित्रांनो. प्रत्येक गुरुवारी सांगतो. कुठे बांधला, कशाला बांधला, गाठ कोणती. सगळे स्वच्छ सांगतो. पण एर्केलेयला आता ऐकू येत नाही.

तुमचे कान अजून शाबूत आहेत. एखाद्या गुरुवारी या, तिच्या शेजारी बसा आणि कंटाळा आला तरी उठू नका. मी काय म्हणतो ते तिला कागदावर लिहून दाखवा. तिच्याकडे फार दिवस उरलेले नाहीत, आणि घोडा अजून उभाच आहे. तिथे गवत नाही.